कडी वाजली तेव्हा तो जागा होता का?

वाचकांचे पत्र

आमचे सोळा जणांचे वाचक मंडळ आहे. महिन्यातून एकदा आम्ही भेटतो आणि आधी ठरवलेल्या पुस्तकावर चर्चा करतो. त्याचे संयोजन माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात मी सुचवलेली एक कादंबरी घेतली होती. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांची अनेक वर्षे एकट्याने शुश्रूषा करणारा मुलगा हा तिचा निवेदक आहे. एका पहाटे वडील दाराची कडी काढून बाहेर पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडतो. आपल्याला झोप लागली होती, असे मुलगा सर्वांना सांगतो. पहिल्या प्रकरणात तो साडेचारला जागा होतो. मात्र शेवटून दुसऱ्या प्रकरणात, कडी वाजली तेव्हा घड्याळात पावणेचार झाले होते, असे तो बोलण्याच्या ओघात सांगून जातो. मधल्या पाऊण तासाबद्दल कादंबरी शेवटपर्यंत एक अक्षरही बोलत नाही.

चर्चेत मंडळात सरळ दोन तट पडले. एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते ही कादंबरी जबाबदारी झटकणाऱ्या माणसाची वकिली करते आणि वेळेतील तफावत ही निव्वळ छपाईची चूक आहे. एका तरुण सदस्याने त्यांना मध्येच तोडून ‘तुम्हाला कादंबरी कळलीच नाही’ असे सुनावले. आपल्या आईची अशीच शुश्रूषा केलेल्या एक बाई काही न बोलता उठून गेल्या. कोणीतरी ‘शेवटी ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय संपवला, पण नंतर व्हॉट्सॲपवर चार दिवस तेच चालू राहिले आणि दोघे जण ग्रुपमधून बाहेर पडले. आता तीन सूचना आल्या आहेत: कादंबरी चांगली की वाईट यावर मतदान घ्यावे, यापुढे पुस्तके बहुमतानेच निवडावीत आणि ही कादंबरी मंडळाच्या नोंदवहीतून वगळावी. खरे सांगायचे तर मला स्वतःला कादंबरीचा शेवट फसलेला वाटतो. पण ती मीच सुचवलेली असल्यामुळे तसे मी बोलले नाही. पुढच्या बैठकीत मी काय करावे?

– एक संयोजक

उत्तर

मतदान घेऊ नका. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे जरा विस्ताराने द्यावी लागतील, पण एवढे मात्र निःशंकपणे सांगता येते. मतदानातून फार तर असे निष्पन्न होईल की नऊ जणांना कादंबरी आवडली आणि सात जणांना आवडली नाही, आणि ते तर तुम्हाला आजही ढोबळमानाने ठाऊक आहे. ज्या सात जणांचे मत पडेल त्यांच्या पदरी हरल्याच्या भावनेपलीकडे काही पडणार नाही, आणि जिंकलेल्या नऊ जणांवर आपल्या मताची कारणे सांगण्याची जबाबदारीच उरणार नाही. पुस्तकाविषयी मात्र कोणालाच नवे काही कळलेले नसेल. ज्यांचे कामच निकाल देणे आहे त्यांचीही या बाबतीत अडचण होते. बुकर पारितोषिक १९७४ आणि १९९२ या दोन्ही वर्षी दोन-दोन कादंबऱ्यांना विभागून दिले गेले. त्यानंतर ते विभागून देता येणार नाही असा नियम झाला, आणि २०१९ साली परीक्षकांनी तो नियम सरळ बाजूला ठेवून पुन्हा दोन लेखिकांना ते विभागून दिले. त्या मंडळींना काहीतरी जाहीर करणे भागच असते. तुमच्या मंडळावर तशी सक्ती नाही, तर ती स्वतःहून ओढवून घेण्याचे कारण नाही.

मंडळात ‘सरळ दोन तट’ पडले असे तुम्ही लिहिले आहे. पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर मला ते तितकेसे पटले नाही. तुमचे ज्येष्ठ सदस्य आणि तो तरुण हे एकाच प्रश्नाला दोन परस्परविरुद्ध उत्तरे देत आहेत असे वरवर दिसते, परंतु त्यांच्या मनातले प्रश्नच वेगळे आहेत. त्या मुलाने जे केले ते क्षम्य आहे का, आणि कादंबरी त्याला क्षमा करते आहे का, असे ज्येष्ठ सदस्य विचारत आहेत. ही गोष्ट कशा रीतीने सांगितली आहे, तिच्यात काय दाखवले आणि काय झाकले आहे, या प्रश्नाने तो तरुण भारावलेला आहे. आईची सेवा केलेल्या बाईंचा प्रश्न तिसराच असावा आणि त्यांनी तो अजून बोलून दाखवलेला नाही. तुमचा चौथा आहे, तो शेवटच्या प्रकरणाच्या घडणीविषयीचा. हे चारही प्रश्न ‘कादंबरी चांगली की वाईट’ या एकाच खुंटीला अडकवले गेल्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याचे उत्तर हा आपल्यावरचा हल्ला वाटला.

ज्येष्ठांच्या आक्षेपात दोन गोष्टी मिसळल्या आहेत हे त्यांना दाखवून द्यायला हवे, पण तो आक्षेप अडाणीपणाचा आहे असे समजून कोणी हसू नये. निवेदकाचे वागणे आणि कादंबरीचे म्हणणे यांत अंतर असू शकते, हे तत्त्व म्हणून कोणालाही पटते; प्रत्यक्ष वाचताना ते अंतर राखणे भल्याभल्यांना जमत नाही. १८५७ साली फ्रान्समध्ये ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीमुळे गुस्ताव्ह फ्लोबेर यांच्यावर सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा आणल्याबद्दल खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलांचा एक मुख्य आक्षेप असा होता की, या विवाहित नायिकेला तिच्या वर्तनाबद्दल दोषी ठरवू शकेल असे एकही पात्र या पुस्तकात नाही. वस्तुस्थिती म्हणून त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तसे पात्र तिथे खरोखरच नाही, आणि नायिकेच्या मनातले विचार निवेदनाच्या वाक्यांत असे काही मिसळलेले आहेत की कोणते वाक्य तिचे आणि कोणते लेखकाचे हे ठरवण्याचे काम वाचकाच्या गळ्यात पडते. न्यायालयाने फ्लोबेर यांना निर्दोष सोडले. परंतु पात्राचा निषेध न करणारा लेखक त्या पात्राला मूकसंमती देत असतो का, या प्रश्नाचा निकाल काही तेव्हा लागला नाही, आणि तुमच्या बैठकीत तोच प्रश्न उभा राहिला होता. ज्या शंकेसाठी एका देशाच्या सरकारी वकिलांनी न्यायालयात कादंबरीतले उतारे वाचून दाखवले, ती शंका ‘तुम्हाला कळलीच नाही’ या तीन शब्दांत निकालात काढण्याइतकी क्षुल्लक नसते.

आता त्या पाऊण तासाकडे वळतो. तुमच्या संपूर्ण पत्रातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि विशेष म्हणजे तो आवडीनिवडीचा मुळीच नाही. छपाईची चूक आहे की जाणीवपूर्वक पेरलेली खूण आहे, याचा पुष्कळसा उलगडा पुस्तक समोर ठेवून करता येतो. तरीही बैठकीत किंवा नंतरच्या चार दिवसांच्या संदेशांत कोणी पुस्तक उघडून पान दाखवल्याचा तुमच्या पत्रात कुठेही उल्लेख नाही. मी कादंबरी वाचलेली नाही आणि तुम्ही तिचे नावही दिलेले नाही. ते एका परीने बरेच झाले, कारण माझे मत कोणत्याच बाजूला पुरावा म्हणून वापरता येणार नाही. परंतु तुमच्या जागी मी असतो तर काय काय शोधले असते, ते सांगतो.

सर्वांत आधी दुसरी आवृत्ती मिळते का ते पाहिले असते. दोन आवृत्त्यांत वेळा वेगळ्या असतील तर ज्येष्ठांचे म्हणणे जवळजवळ सिद्धच झाले, आणि तसे झाले तर त्या तरुणाने ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. छपाईत आकडे आणि वेळा चुकतात, हे पुस्तकांशी संबंध असलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. दोन्हींत वेळा तशाच असतील, किंवा एकच आवृत्ती असेल, तर कादंबरीत अन्यत्र वेळेचे उल्लेख कसे येतात ते पाहावे. वडिलांच्या औषधांच्या, जेवणाच्या, रात्री उठण्याच्या वेळा हा मुलगा मिनिटामिनिटाने सांगत असेल, तर अशा माणसाची नेमक्या याच एका रात्रीबाबत पाऊण तासाची गफलत व्हावी, हे सहजासहजी पटणारे नाही. उलट ‘रात्री केव्हातरी’, ‘बहुधा पहाटे’ अशीच त्याची एकूण बोलण्याची रीत असेल तर या तफावतीला फारसे वजन देता येणार नाही. पावणेचारचा उल्लेख तो कोणासमोर करतो, हेही पाहण्यासारखे आहे. नातेवाईक किंवा पोलीस समोर असताना त्याच्या तोंडून तो निसटत असेल तर ऐकणारा दचकतो का? आणि फक्त वाचकाजवळच तो हे बोलत असेल, तर इतके दिवस सगळ्यांपासून लपवलेली गोष्ट आपल्यालाच का सांगितली जात आहे?

एक गोष्ट याहून बारीक आहे. पहिल्या प्रकरणात साडेचारला जागा झाल्यावर तो प्रथम काय करतो, ते पुन्हा वाचा. नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाला आधी वडिलांची गादी रिकामी दिसेल. तो त्यांना हाक मारील, न्हाणीघरात पाहील, आणि मग दाराशी पोहोचेल. जो उठतो आणि गादीकडे न बघता थेट दाराकडे जातो, त्याला काहीतरी आधीच माहीत असते. लेखकाने पाऊण तास मुद्दाम ठेवला असेल तर त्याचा माग अशा एखाद्या हालचालीत नक्की सापडेल, कारण एवढी मोठी गोष्ट कोणताही कसलेला कादंबरीकार एकाच आकड्याच्या भरवशावर सोडणार नाही. समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना मांडली आणि तेव्हापासून ती इतकी लोकप्रिय झाली आहे की कोणत्याही विसंगतीवर हे लेबल चिकटवण्याचा मोह होतो. निवेदक आपल्याला फसवत आहे असे म्हणायचे तर त्याच्या शब्दांना छेद देणारी दुसरी खूण पुस्तकातच कुठेतरी दाखवता आली पाहिजे. तुमच्या तरुण सदस्याकडे ती असेल तर त्याने पान क्रमांकासह मांडावी. नसेल तर त्याचे म्हणणे हा एक चतुर तर्क आहे, आणि चतुर तर्क दुसऱ्याच्या डोक्यावर आपटायचे नसतात.

समजा, तफावत हेतुपूर्वक आहे असे ठरले. तरी ज्येष्ठांचा मूळ आक्षेप शिल्लक राहतोच, हे तुम्ही स्वतः बैठकीत बोलून दाखवा. ते त्यांच्या बाजूने नाही तर चर्चेच्या बाजूने बोलणे होईल. आपला निवेदक जागा होता हे कादंबरीला पूर्ण ठाऊक असूनही ती त्याला हळूच पाठीशी घालत असेल, हे शक्य आहे. त्याचा थकवा, त्याचा एकटेपणा, दूर राहणाऱ्या नातेवाइकांची बेफिकिरी ही सारी तपशीलवार यावी आणि वडिलांच्या त्या शेवटच्या काही तासांना मात्र एक ओळही मिळू नये, अशी मांडणी असेल तर तिला वकिली म्हणण्यात फारसे गैर नाही. याचप्रमाणे ‘कादंबरी प्रामाणिक आहे’ असे म्हणणाऱ्यांनाही एक अवघड प्रश्न विचारता येतो: त्या पाऊण तासाविषयीचे मौन हे निवेदकाचे आहे की लेखकाला ते लिहिणे झेपले नाही म्हणून आलेले आहे? तुम्हाला शेवट फसलेला वाटतो तो बहुधा इथेच कुठेतरी.

यावरून तुमच्या न बोललेल्या मताकडे येतो. पुस्तक सुचवणाऱ्याने त्याची पाठराखण केलीच पाहिजे, असा नियम कुठून आला कोण जाणे, पण तो पुष्कळ वाचक मंडळांत पाळला जातो आणि त्याने नुकसानच होते. कादंबरी सुचवावीशी वाटली, पूर्वार्धाने धरून ठेवले आणि शेवट पटला नाही, या तिन्ही गोष्टी एकाच वाचकाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुम्ही हे सांगितल्याने कोणाचाही विश्वासघात होत नाही. उलट दोन तटांपैकी कशातच न बसणारे एक सविस्तर मत खोलीत आले की इतरांनाही आपल्या मताच्या कडा थोड्या सैल करणे सोपे जाते. मात्र ते पहिल्यांदा बोलू नका. संयोजकाच्या मताला, त्याची इच्छा असो वा नसो, निकालाचे वजन येते. सर्वांचे बोलून झाल्यावर आणि पुस्तकातला मजकूर दाखवूनच ते मांडा.

उठून गेलेल्या बाईंचा विचार मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्या पत्रात त्यांना एकच वाक्य मिळाले आहे. केंब्रिजमधील समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न देता कविता वाचायला दिल्या आणि त्यांवरची त्यांची लेखी मते गोळा केली. १९२९ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्या प्रयोगात तेरा कवितांवरचे अभिप्राय आहेत. साहित्याच्या या विद्यार्थ्यांचे एकेका कवितेवर अगदी टोकाचे मतभेद होते, आणि कित्येकांना तर ओळींचा सरळ अर्थही लागलेला नव्हता. वाचनात आडव्या येणाऱ्या ज्या गोष्टी रिचर्ड्स यांनी नोंदवल्या, त्यांत ठरीव भावनिक प्रतिक्रिया होत्या, वाचकाची आधीची मते आणि श्रद्धा होत्या, आणि वाचताना जागी होणारी, कवितेशी संबंध नसलेली खासगी आठवणही होती. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या बैठकीतही वावरत होत्या, यात शंका नाही. तिसरीबाबत मात्र कादंबरी वाचणाऱ्या मंडळाने रिचर्ड्स यांचे म्हणणे जसेच्या तसे घेऊ नये, असे माझे मत आहे. ज्या बाईंनी रात्ररात्र जागून आईला सांभाळले, त्यांची आठवण या कादंबरीच्या बाबतीत असंबद्ध कशी म्हणणार? कडीचा आवाज ऐकूनही काही क्षण अंग उचलू न शकणारा माणूस कसा असतो, आणि काही क्षण व पाऊण तास यांत किती अंतर आहे, हे तुमच्यापैकी कोणाला नेमके सांगता येण्यासारखे असेल तर ते त्यांनाच. बाकीचे पंधरा जण त्या रात्रीविषयी अंदाजाने बोलत होते.

परंतु त्यांना बैठकीत सर्वांसमोर ‘तुमचा अनुभव सांगा’ असे चुकूनही म्हणू नका. अनुभव ही साक्ष म्हणून वापरायची गोष्ट नाही. दोन्ही बाजू त्यांना आपल्याकडे ओढू पाहतील आणि त्या पुन्हा उठून जातील, त्या वेळी कदाचित कायमच्या. त्याआधी त्यांना एकट्याने भेटा. फोनवर हे नीट होत नाही. आणि भेटल्यावर कादंबरीचे समर्थनही करू नका, माफीनामाही देऊ नका. पुस्तकाच्या विषयाची आधी कल्पना द्यायला हवी होती, एवढे सांगा, कारण ते खरेच द्यायला हवे होते. मग त्यांना बोलायचे असेल तर ऐका. पुढच्या बैठकीत पुन्हा हीच कादंबरी असणार आहे हे स्पष्ट सांगा आणि यायचे की नाही, आल्यास बोलायचे की नाही, हा निर्णय पूर्णपणे त्यांच्यावर सोडा. त्या आल्या आणि गप्प बसल्या तर कोणी त्यांच्याकडे वळून बघत राहणार नाही, एवढी काळजी तुम्हाला घेता येईल.

तरुण सदस्यालाही बैठकीपूर्वीच भेटा. त्याला वाचता येते आणि त्याच्या लक्षात जे आले ते पंधरा जणांच्या लक्षात आले नसावे. त्याचे हे श्रेय त्याला आधी द्या. नंतर त्याला हेही सांगा की ‘कळलीच नाही’ या वाक्यानंतर समोरच्याकडे दोनच मार्ग उरतात, एक तर आपण मूर्ख असल्याचे कबूल करणे किंवा दुप्पट आवाजात आपलेच म्हणणे रेटणे, आणि ज्येष्ठांनी साहजिकच दुसरा मार्ग पत्करला. जाहीर माफी मागायला लावू नका. त्यातून तो अपमानित होईल आणि ज्येष्ठ अवघडतील. बैठकीच्या आधी दोन मिनिटे त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलण्याइतका शहाणपणा त्याच्याकडे असावा असे तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मला वाटते. नसला तरी बैठकीत एक अट घालता येते: माणसाच्या आकलनाविषयी कोणी बोलायचे नाही, मजकुराविषयी बोलायचे.

बैठक पुढीलप्रमाणे घेतली तर ती हाताबाहेर जाण्याची शक्यता कमी होईल. संपूर्ण कादंबरीवर पुन्हा चर्चा ठेवू नका. पहिल्या प्रकरणातली जागे होण्याची तीन-चार पाने आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणातले पावणेचारचे पान, एवढाच मजकूर घ्या आणि तो एखाद्या संथ, स्पष्ट वाचणाऱ्या सदस्याकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा दोन्ही बाजूंपासून दूर असलेला असावा. नाटकी आवाजात वाचणाऱ्याला तर या कामापासून लांबच ठेवा, कारण त्याच्या आवाजातच निकाल लागून जाईल. वाचन झाल्यावर पहिला अर्धा तास कोणीही ‘आवडले’, ‘पटले नाही’, ‘उत्कृष्ट’, ‘भिकार’ असे काही म्हणायचे नाही. फक्त काय ऐकले ते सांगायचे: तो आधी कुठे पाहतो, दिवा लावतो का, हाक मारतो का, किती वेळ गेला असे म्हणतो. हे शाळकरी वाटेल आणि कोणीतरी तसे बोलूनही दाखवील, पण आपण गेल्या वेळी वाचलेले आणि आत्ता कानांवर पडलेले यांत फरक आहे, हे पाच-सहा जणांच्या तरी लक्षात येईल. आपण ज्या मजकुरावर चार दिवस भांडलो तो थोडासा आपल्या स्मरणातलाच होता, असे समजले की आवाज आपोआप खाली येतात.

अर्ध्या तासानंतर मते येऊ द्या, आणि ती तीव्र असली तरी चालतील. ज्येष्ठांना पहिल्यांदा बोलू द्या. गेल्या वेळी त्यांचेच वाक्य अर्धवट तोडले गेले होते. वर सांगितलेले दोन प्रश्न त्यांच्यापुढे वेगवेगळे ठेवा. मुलाचे वागणे अक्षम्य आहे यावर बहुधा खोलीत कोणाचाच विरोध नसेल, किंवा असलाच तर तो अनपेक्षित ठिकाणाहून येईल. कादंबरी त्याला क्षमा करते का, यावर खरा मतभेद होईल आणि तो व्हावा. शेवटी पुन्हा कोणी ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून पडदा टाकू पाहील, तेव्हा त्याला हसून थांबवा. ते वाक्य सभ्य आहे, आणि नेमक्या ज्या क्षणी कारणे विचारायला हवीत त्या क्षणी ते उच्चारले जाते. आवड ज्याची त्याची असते हे कबूल, परंतु दार कोणी केव्हा उघडले ही आवडीची बाब नाही. वेळ संपली म्हणून चर्चा थांबवत आहोत, असे सांगून बैठक संपवली तरी पुरे. सर्वांचे एकमत झाले पाहिजे असे काही नाही.

काही जणांनी कादंबरी पूर्ण वाचलेलीच नसेल, असा माझा अंदाज आहे. सोळा जणांच्या मंडळात ते अटळ असते. त्यांना दटावू नका. ज्या पानावर त्यांनी पुस्तक मिटले, तिथे असे काय होते, एवढे विचारा. त्यांचे उत्तर बहुधा पूर्ण वाचलेल्यांच्या स्तुतीपेक्षा उपयोगी ठरते.

बाहेर पडलेल्या दोघांना पुन्हा ग्रुपमध्ये ओढून घेण्याची घाई करू नका. त्यांना बैठकीचे निमंत्रण द्या आणि ते द्यायला स्वतः फोन करा. व्हॉट्सॲपवर यापुढे बैठकीची तारीख, जागा आणि पुस्तकाचे नाव एवढेच येईल, असे सर्वांच्या संमतीने ठरवता आले तर उत्तम. लांबलचक मत अंगठ्याने टाइप करताना माणूस ते लहान आणि धारदार करतो, आणि समोरच्याचा चेहरा दिसत नसल्याने कुठे थांबावे हे त्याला कळत नाही.

बहुमताने पुस्तके निवडण्याच्या सूचनेमागची भावना मला समजते. पुन्हा असे भांडण नको, हीच ती भावना आहे. परंतु बहुमताने निवडलेले पुस्तक हे बहुतेक वेळा कोणाच्याच फारशा आवडीचे नसलेले आणि कोणालाच न खुपणारे पुस्तक असते. त्याऐवजी निवड पाळीपाळीने प्रत्येक सदस्याकडे द्या, म्हणजे ज्येष्ठांचीही पाळी येईल आणि त्या तरुणाला कदाचित स्वतःहून कधीच हातात न घेतलेले पुस्तक वाचावे लागेल. निवडणाऱ्यावर एकच बंधन ठेवा: पुस्तकाचा विषय आणि त्यातले जे प्रसंग एखाद्याला वैयक्तिकरीत्या त्रासदायक होऊ शकतील ते, कथेचा शेवट न फोडता, दोन ओळींत आधी कळवायचे. ज्याला ते पुस्तक नको असेल त्याने त्या महिन्यात न येण्याची मुभा ठेवा आणि कारण विचारू नका.

नोंदवहीतून कादंबरी वगळण्याची सूचना मात्र स्वीकारू नका. ती वाचली गेली आहे, तिच्यावर चर्चा झाली आहे, आणि न झाल्यासारखे भासवून काही साधणार नाही. वगळायची सूचना ज्यांनी केली त्यांनाच या वेळची नोंद लिहायला सांगा, आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे यावे एवढी अट घाला. कोणते मत कोणाचे हे नावानिशी लिहू नये; पान क्रमांक मात्र लिहावेत.